सातमाशी मुलं पुढे कशी होतात? आकडे कसे वाचायचे आणि घरी काय बघायचं

प्रश्न ऐरोलीच्या एका बाबांचा आहे, थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी ऑक्टोबरच्या शेवटी शेवटी झाली, २९ आठवड्यांची, वजन ११४० ग्रॅम. सात आठवडे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), सुरुवातीला व्हेंटिलेटर मग सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं मशीन), मेंदूच्या सोनोग्राफीत ग्रेड १ चा रक्तस्राव दिसला होता, डोळे तपासले पण लेझर लागला नाही. आता साडेसात महिन्यांची झालीये आणि अजून बसत नाही. बाबा रात्र रात्र मोबाईलवर रिसर्च वाचतायत, एकीकडे लिहिलंय की अशा निम्म्या मुलांना काही ना काही अपंगत्व येतं, दुसरीकडे लिहिलंय की मोठेपणी इतरांसारखीच होतात, आणि घरी आजी म्हणतायत की सातमाशी मूल जगतं आणि हुशार निघतं, आठमाशाचंच काही खरं नसतं. तर यातलं खरं कुठलं आणि आता करायचं काय, असा प्रश्न.

मी ठाण्यात एनआयसीयूतून घरी गेलेल्या बाळांची फॉलोअप ओपीडी बघते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे तिन्ही मुद्दे मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकायला मिळतात.

आधी बसण्याचं मिटवून टाकू. ४० आठवड्यांतून २९ वजा केले की ११ आठवडे, म्हणजे अडीच महिने लवकर. साडेसातातून अडीच गेले, राहिले पाच. पाच महिन्यांचं कुठलं बाळ बसतं? तुमच्या मुलीचा विकास बघताना दोन वर्षांची होईपर्यंत हेच दुरुस्त केलेलं वय धरायचं, करेक्टेड एज म्हणतो आम्ही. शेजारच्या बाळाशी तुलना करायचीच असेल तर जानेवारीत जन्मलेल्या बाळाशी करा. लसींना मात्र हे लागू नाही हं, लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, वजन कमी आहे म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत, हा गोंधळ फार घरांत होतो. आणि पाऊस तोंडावर आलाय तर फ्लूची लस झालीये का विचारून घ्या, सहा महिने पूर्ण झाले की देता येते आणि लवकर जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसांना तिची गरज जास्त असते.

आजींचं म्हणणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यांच्याशी वाद घालू नका. पण ते बरोबर नाहीये. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा फायद्याचा असतो आणि आठव्या महिन्यातलं बाळ साधारणपणे सातव्यातल्यापेक्षा सुरक्षित असतं.

आता तुमच्या रात्रीच्या वाचनाकडे येते.

ते "निम्मी मुलं" तुम्ही बहुतेक एपिक्युअर नावाच्या अभ्यासातलं वाचलंय. १९९५ साली ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २२ ते २५ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांचा तो अभ्यास, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा महिनाभर किंवा त्याहून आधी जन्मलेली बाळं आणि तीही तीस वर्षांपूर्वीची. तुमची मुलगी त्या गटात बसतच नाही. एनआयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला २५ आणि २९ सारखेच वाटतात पण आमच्या हिशोबात ती दोन वेगळी जगं आहेत. नॉर्वेच्या नोंदींवरून २००८ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणारा दोष) प्रमाण २३ ते २७ आठवड्यांच्या मुलांत ९.१ टक्के होतं आणि पूर्ण दिवसांच्या मुलांत ०.१ टक्का, मधल्या आठवड्यांची मुलं या दोन टोकांच्या मध्ये, जसजसे आठवडे वाढतात तसं प्रमाण खाली उतरत जातं. आणि तीसुद्धा १९६७ ते १९८३ मध्ये जन्मलेली मुलं, तेव्हा आत्ताचे उपचार कुठे होते.

एपिक्युअरमधली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. ही मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची बुद्ध्यांकाची चाचणी घेतली. चाचणीच्या पुस्तकातल्या प्रमाणाशी तुलना केली तर २१ टक्के मुलांत बौद्धिक कमतरता निघाली. मग त्याच मुलांची तुलना त्यांच्याच वर्गातल्या पूर्ण दिवसांच्या मुलांशी केली तर तीच कमतरता ४१ टक्के! मुलं तीच, चाचणी तीच, आकडा दुप्पट. कारण पुस्तकातली प्रमाणं जुनी असतात, दरम्यान सगळ्याच मुलांचे मार्क थोडे थोडे वर सरकलेले असतात, त्यामुळे जुन्या पट्टीने मोजलं की आपलं मूल बरं दिसतं आणि बाकावर शेजारी बसलेल्याशी मोजलं की मागे दिसतं. म्हणून कुठलाही टक्का वाचला की पहिला प्रश्न हा, तुलना कोणाशी केलीये?

दुसरा प्रश्न, कितव्या वर्षी मोजलंय. याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डॉ. मॉरीन हॅक यांचं. एक किलोच्या आतल्या मुलांची त्यांनी २० महिन्यांना चाचणी घेतली तेव्हा ३९ टक्के मुलं बौद्धिक कमतरतेच्या रेषेखाली होती, तीच मुलं ८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली तर १६ टक्के. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात ज्यांना आपण मागे म्हणालो असतो त्यातली निम्म्याहून जास्त शाळेच्या वयात त्या रेषेच्या वर आली होती. लहान वयातली चाचणी आत्ता मदत कुठे लागतेय ते सांगते, पुढचं भविष्य सांगत नाही. त्यामुळे दीड वर्षाच्या बाळाच्या हातात कोणी "आयक्यू एवढा" असा कागद दिला तर तो फाइलला लावा आणि थेरपी चालू ठेवा, कागदावरचा आकडा नातेवाईकांना वाचून दाखवायची काही गरज नाही.

आता ते "इतरांसारखीच होतात" वालं. ते काम डॉ. सरोज सैगल यांचं, भारतीय वंशाच्या नवजात शिशुतज्ज्ञ, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी आयुष्य घालवलं. १९७७ ते १९८२ मध्ये जन्मलेली ५०१ ते १००० ग्रॅमची बाळं, तेव्हा सर्फॅक्टंट, म्हणजे लहान बाळांची फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध, बाजारात यायचं होतं, त्या काळात एवढी लहान बाळं जगणं हीच मोठी गोष्ट, आणि या बाईंनी त्यांना सोडलंच नाही, शाळेत गाठलं, पौगंडावस्थेत गाठलं, विशी उलटल्यावर गाठलं, तिशीतही गाठलं. २००६ साली त्यांनी विशीतल्या मुलांचा निकाल छापला. कमी वजनाच्या गटातली ८२ टक्के मुलं हायस्कूल पास झाली होती आणि साध्या वजनाच्या गटातली ८७ टक्के. शिक्षण, नोकरी, स्वतंत्र राहणं, लग्न, मूलबाळ, या सगळ्यात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा आमच्या क्षेत्रात याने चांगलीच खळबळ उडाली कारण सगळ्यांनी यापेक्षा वाईट गृहीत धरलं होतं.

पण तुम्ही वाचलेला लेख बहुतेक इथेच थांबला असणार. सैगल यांच्या गटाने हीच मुलं २९ ते ३६ वर्षांची झाल्यावर परत बघितली आणि तो निकाल २०१६ ला आला, त्यात शिक्षण अजूनही सारखंच होतं पण नोकरीत असलेल्यांचं प्रमाण कमी, सरासरी कमाई वर्षाला साधारण २० हजार डॉलरने कमी, जोडीदार नसलेले जास्त, तब्येतीच्या तक्रारी जास्त. मग विशीतला निकाल खोटा होता का? अजिबात नाही, तो विशीतला होता एवढंच. वाट जसजशी लांब होते तसतसे छोटे छोटे फरक साचत जातात, त्यामुळे "पुढे कशी होतात" हा प्रश्न विचारताना पुढे म्हणजे कधी हे ठरवायला लागतं.

सैगल यांचं अजून एक काम आहे जे मला वाटतं प्रत्येक एनआयसीयूच्या डॉक्टरने वर्षातून एकदा वाचावं. १९९९ ला त्यांनी डॉक्टर-नर्स, पालक आणि ही मोठी झालेली मुलं यांना वेगवेगळ्या प्रकारच्या अपंगत्वासह जगण्याला किती गुण द्याल असं विचारलं. सर्वात कमी गुण आम्ही लोकांनी दिले. गंभीर अपंगत्वाच्या परिस्थितीला पालकांनी आणि त्या मुलांनी स्वतः आमच्यापेक्षा जास्त गुण दिले. त्याआधी १९९६ ला त्याच मुलांना त्यांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारलं होतं तेव्हाही बहुतेकांचं उत्तर समाधानी होतं, साध्या वजनाच्या मुलांच्या उत्तरांपासून फार लांब नव्हतं. तेव्हा एखादा डॉक्टर पेटीपाशी उभा राहून तोंड वाकडं करून "बघा, विचार करा" म्हणत असेल तर त्याचं वैद्यकीय ज्ञान ऐका, आयुष्याबद्दलचा अंदाज थोडा बाजूला ठेवा. मी स्वतः डॉक्टर असून सांगतेय.

तुम्ही एक वाक्य असंही लिहिलंय की एवढी वर्षं मागे लागून संशोधन करून उपयोग काय, तोपर्यंत मुलं मोठी झालेली असतात. उपयोग तुमच्या मुलीच्या फाइलमध्येच आहे बघा. नव्वदच्या दशकात व्हेंटिलेटरवरून बाळ लवकर काढायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सर्रास देत होते, बाळ खरंच पटकन सुटायचं, सगळे खूश. मग ती मुलं मोठी होताना लक्षात आलं की त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी जास्त दिसतेय, आणि २००२ साली अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं की हे सरसकट देणं थांबवा. फॉलोअप केला नसता तर आम्ही आजही तेच इंजेक्शन देऊन पाठ थोपटून घेत बसलो असतो. (गर्भारपणी आईला देतात ते स्टिरॉइड वेगळं, ते फायद्याचंच आहे, त्यात गल्लत करू नका.)

उलट गोष्ट कॅफिनची. डिस्चार्ज कार्डवर बघा, तुमच्या मुलीला श्वास थांबू नये म्हणून कॅफिन दिलेलं असणार. ५०० ते १२५० ग्रॅमच्या दोन हजारांवर बाळांवर याचा मोठा प्रयोग झाला, १८ महिन्यांना बघितलं तर सेरेब्रल पाल्सी ७.३ टक्क्यांवरून ४.४ वर आलेली, पाच वर्षांना बघितलं तर फायदा विरल्यासारखा वाटला, आणि ११ वर्षांना परत बघितलं तर हालचालींच्या अडचणी कॅफिनवाल्या मुलांत कमी होत्या. पाच वर्षांवर फाइल बंद केली असती तर चुकीचा निष्कर्ष हातात राहिला असता.

आणि तिसरा प्रश्न, जो आपल्या भागात सगळ्यात अवघड आहे: परत आलंच नाही कोण? कुठल्याही अभ्यासात काही मुलं गळतात, आणि गळणारी मुलं सहसा जास्त अडचणीतली असतात, म्हणजे राहिलेल्यांचा निकाल खऱ्यापेक्षा थोडा गोड दिसतो. इथे तर गळतीला काय कारणं हवीत. बाळंतपण माहेरी साताऱ्याला, सासर दिव्याला, बाळ सुधारलं की गावी, नोकरी बदलली की फोन नंबर बदलला. भिवंडीत लूमवर काम करणारा बाप दिवसाची मजुरी बुडवून तपासणीला येतो तेव्हा ओपीडीत त्याला तीन तास बसवून ठेवलं तर पुढच्या वेळी तो येणार नाही, आणि मग आपण रजिस्टरवर "लॉस्ट टु फॉलोअप" लिहून मोकळे. लॉस्ट तो झालेला नसतो, त्याला यायला परवडत नसतं.

म्हणूनच पुण्याच्या कामाचं मला फार कौतुक आहे. केईएम हॉस्पिटल, पुणे इथे डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा गट धरला आणि तो अठरा वर्षांपर्यंत नेला. आपल्याकडची मुलं, आपल्याकडच्या शाळा, आपल्याकडची घरं. बाराव्या वर्षी ज्या मुलांना मोठं अपंगत्व नव्हतं त्यांचा सरासरी बुद्ध्यांक साधारण ८९-९० होता आणि तुलनेच्या गटाचा ९७ च्या आसपास. ८५ ते ११५ ही सर्वसाधारण पट्टी समजतात, म्हणजे मुलं पट्टीत होती पण खालच्या बाजूला, आणि वाचन-गणितात अडचणी जास्त होत्या. लवकर जन्म आणि शिवाय पोटात वाढही कमी, अशी मुलं सगळ्यात मागे. पण दीड किलोच्या आतल्या मुलांमध्येसुद्धा ज्यांची घरची परिस्थिती बरी होती ती मुलं सरस होती. मला यातून घ्यायचं ते हे की २९ आठवडे आणि ११४० ग्रॅम आता कोणी बदलू शकत नाही, घरात तिच्याशी किती बोललं जातं, गोष्टी सांगितल्या जातात का, थेरपी नियमित होते का, हे बदलता येतं. तिच्याशी मराठीतच बोला, आजी जी बडबडगीतं म्हणतात ती म्हणू द्या, मोबाईलवरची कार्टून लावून "इंग्लिश लवकर येईल" हा नाद नको.

बरं, आता आत्ताचं. ग्रेड १ चा रक्तस्राव ऐकून घाबरू नका, तो सर्वात सौम्य, बहुतेक मुलांत काही मागे ठेवत नाही. आम्हाला जास्त धास्ती असते ती मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा झाली असेल तर, कारण पायांकडे जाणाऱ्या नसा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या अगदी शेजारून जातात, त्यामुळे या मुलांत आधी पाय कडक होतात. आणि इथे घरच्यांची फार फसगत होते. "डॉक्टर, पाचव्या महिन्यातच पायांवर ताठ उभी राहते, लवकर चालणार बघा" असं कौतुकाने सांगतात आणि मी बघते तर बाळ चवड्यांवर उभं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर. न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशींना हे आधी कळतं खरं तर, त्या म्हणतात लंगोट बांधताना मांड्याच उघडत नाहीत. मावशींचं असं काही म्हणणं असेल तर ते जरूर ऐका, फक्त कडक पाय जोर लावून मोकळे करायला त्यांना सांगू नका. करेक्टेड चार-पाच महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहतायत, वर्षाच्या आतच एकाच हाताने सगळं घेतेय आणि दुसरा हात वापरत नाही, सारखी मागे कमान टाकते, नजर मिळवत नाही, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. त्याचबरोबर हेही सांगते की अशा बऱ्याच बाळांत पहिल्या वर्षात थोडा कडकपणा येतो आणि वर्ष-दीड वर्षात आपोआप जातो, त्यामुळे एका तपासणीवरून शिक्का मारून घेऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी हॅमरस्मिथची, म्हणजे बाळाच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण बघायची, तपासणी करून घेतली की दिशा कळते, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, सुई नाही काही नाही. वॉकर आणला असेल तर माळ्यावर टाका.

कान. तुम्ही लिहिलंय "हिअरिंग टेस्ट पास". कुठली टेस्ट ते बघा. नुसती ओएई झाली असेल तर एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला ती पुरत नाही, कारण कान ठीक पण कानापासून मेंदूपर्यंतची नस गडबडलेली असली तर ओएई पास होते. बेरा करून घ्या, तिच्यात आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. कमी ऐकू येतंय हे तीन महिन्यांपर्यंत नक्की व्हावं आणि सहा महिन्यांपर्यंत मशीन लागावं असा आमचा नियम असतो, तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेलीये म्हणून बेरा राहिली असेल तर याच आठवड्यात. डोळ्यांचा पडदा पूर्ण वाढला असं डॉक्टरांनी लिहून दिलंय ना? मग ती बाजू झाली, तरी वर्षाला एकदा आणि शाळेआधी एकदा नंबर आणि तिरळेपणा तपासायचा, या मुलांत दोन्ही जास्त असतात.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसले. आमच्याकडे फॉलोअप सहसा दोन वर्षांवर संपतो. मूल चालायला लागलं, चार शब्द बोलायला लागलं, पेढे देऊन जातात आणि मग दिसत नाहीत. परत येतात ते तिसरी-चौथीत, हातात शाळेची डायरी, "लक्ष देत नाही, वही पूर्ण करत नाही, गणित जमत नाही", आणि या मधल्या काळात कोणी तरी त्या पोराला आळशी ठरवून टाकलेलं असतं, बहुतेक वेळा क्लासच्या सरांनी, कधी कधी घरच्यांनीही. शाळेच्या फॉर्मवर लवकर जन्म लिहायची जागाच नसते, शिक्षकांना कळणार कसं. युरोपातल्या संशोधकांनी या मुलांचा एक साचा चांगला वर्णन केलाय: दंगा कमी पण लक्ष भरकटणारं, थोडं घाबरट, मित्र कमी, गणितात जास्त अडचण. दंगा करत नाही म्हणून बाईंच्या डोळ्यांवर येतच नाही, मागच्या बाकावर शांत बसलेलं असतं. त्यातली मोठी भानगड वेगाची असते. ठाण्याहून सीएसएमटीला फास्टनेही पोचतात आणि स्लोनेही, ही मुलं बऱ्याचदा स्लो लोकलमध्ये असतात, उत्तर येत असतं पण फळा पुसला गेलेला असतो. अशा मुलाला जास्तीचा क्लास लावून काही होत नाही, त्याला जास्त वेळ, एका वेळी एकच सूचना, पुढचा बाक आणि तोंडी उत्तर द्यायची मुभा लागते. आणि चाचणीत लर्निंग डिसॅबिलिटी निघालीच तर ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, त्याचा कमीपणा वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

शाळेवरून आठवलं, तुमच्या मुलीच्या तारखेचा एक पेच आहे तो आत्ताच सांगून ठेवते. जन्म ऑक्टोबरच्या शेवटी, खरी तारीख होती जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली. आपल्याकडे सध्या प्रवेशाची वयाची रेषा ३१ डिसेंबर आहे, म्हणजे वेळेवर जन्मली असती तर ती एक वर्ष मागच्या वर्गात गेली असती, आता मात्र वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी एक असेल आणि करेक्टेड वयाने त्याहूनही लहान. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की लवकर जन्मल्यामुळे चुकीच्या वर्षात ढकलल्या गेलेल्या मुलांना शाळेत जास्त मदत लागते. पण जर्मनीत ज्यांना मुद्दाम एक वर्ष उशिरा घातलं त्यांचा आठव्या वर्षी फायदा दिसला नाही, उलट चाचणीत थोडे मागेच होते. म्हणजे नुसतं वर्ष थांबवून घरी बसवणं हा उपाय नाही. माझं मत असं की तीन-साडेतीन वर्षांची असताना तपासणी करून मग ठरवा, बोलणं आणि खेळणं वयाच्या जवळ असेल तर घाला, बरंच मागे असेल तर थांबा, पण थांबलेलं वर्ष थेरपी आणि बालवाडीत गेलं पाहिजे. नर्सरीचे फॉर्म निघाले म्हणून सोसायटीतल्या सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायची घाई नको.

कुठे जायचं तेही विचारलंय. तुमच्या एनआयसीयूतच फॉलोअप क्लिनिक असेल तर तिथेच, फाइल तिथे आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यातली लवकर हस्तक्षेप केंद्रं जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली असतात, अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडून रेफर करून घेता येतं. ऐरोलीहून तुम्हाला वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र जवळ पडेल, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, कानांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. खाजगीत फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच सगळं ठाण्यात-नवी मुंबईत गल्लोगल्ली मिळतं हल्ली, पण तीन थेरपी एकदम लावून बाळाला दिवसभर फिरवू नका. आठवड्याला एकदा शिकून घ्या आणि रोज घरी खेळता खेळता करून घ्या, लहान बाळाला तेच जास्त लागू पडतं. "मेंदू वाढवणारी" इंजेक्शनं, सिरप, स्टेम सेल विकणारे भेटतील, त्यांना पैसे देऊ नका.

मोठेपणाबद्दल एवढंच, कारण त्याची घाई नाही: लवकर जन्मलेल्यांचा रक्तदाब तरुणपणी सरासरीने किंचित जास्त असतो आणि फुप्फुसांची ताकद थोडी कमी, म्हणून शाळेत गेल्यावर वर्षातून एकदा बीपी मोजायला सांगा आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती आजपासून बंद, गॅलरीत जाऊनसुद्धा नको. स्वीडनच्या एका मोठ्या अभ्यासात लवकर जन्मलेल्या तरुणांपैकी साधारण ५५ टक्के लोक मोठ्या आजाराविना जगत होते आणि पूर्ण दिवसांच्यातले ६३ टक्के. हा आकडा वाचताना ५५ बघा आणि शेजारचा ६३ पण बघा, पूर्ण दिवसांचे लोकसुद्धा काही शंभर टक्के ठणठणीत नसतात.

डिस्चार्ज समरीच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो पण, शाळेत जाईपर्यंत मूळ फाइल हरवतेच असा अनुभव आहे, आणि आठ वर्षांनी एखादी चाचणी करताना समोरच्या माणसाला सोनोग्राफीत काय दिसलं होतं, किती दिवस ऑक्सिजन होता हे लागतं. पुढची तपासणी करेक्टेड सहा महिन्यांना, म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येईल. येताना ती जमिनीवर सतरंजीवर पालथी खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा, कपडे कमी घालून, पाय पूर्ण दिसतील असा, कारण ओपीडीत आल्यावर ही बाळं एक तर झोपतात नाहीतर भोकाड पसरतात.